कंपोस्टमधली गांडुळं कुंडीत गेली तर चालतं का? (खालच्या काकू वैतागल्यात)

ओसरीवरची

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज थेट धागाच काढतेय. प्रश्न तातडीचा आहे आणि थोडा अब्रूचाही.

आमच्या सोसायटीच्या मागे (पुणे, कोथरूड) भिंतीलगत चार बाय तीन फुटांचा खड्डा आहे. गेल्या सप्टेंबरपासून त्यात देशी बदामाची वाळकी पानं, घरातली सालं-देठं, चहाचा चोथा आणि अधूनमधून ओळखीच्या गोठ्यातलं शेण टाकत आले. मेअखेरीस वरचा थर बाजूला केला तर खाली काळंभोर, भुसभुशीत खत. आणि गांडुळंच गांडुळं! मी एकही विकत आणून सोडलेलं नाही, आपणहून आली. इतका आनंद झाला की नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं. त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला.

त्या भरात एक शहाणपणा केला. घरी खत असताना माती विकत कशाला आणायची, असं म्हणून गॅलरीतल्या चौदा कुंड्या नुसत्या खतानेच भरल्या. कढीपत्ता, तुळस, मोगरा, मिरची, पानाचा ओवा, सगळं त्यात लावलं. हे शनिवारी. रविवारी रात्री मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला. सोमवारी सकाळी सहाला गॅलरीचं दार उघडते तर फरशीवर गांडुळांची रांगोळी. काही कुंडीच्या कडेवरून लोंबतायत, काही बुडाच्या भोकातून अर्धी बाहेर. बरीचशी पाण्याच्या पाइपातून खाली गेली. खाली म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, काकांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या बनियनवर. काकू वर आल्या तेव्हा चिमट्यात एक गांडूळ धरूनच आल्या होत्या.

तर प्रश्न असे. ही कुंडीत मुळं खातात का? सगळ्या कुंड्या उपसून वेचून काढू का? आणि कढीपत्त्याच्या कुंडीत दोन जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या सापडल्या. तपकिरी डोकं, अंगठ्याएवढी जाडी. त्या गांडुळांची पिल्लं आहेत का?

(शेवटचा प्रश्न मूर्खपणाचा असेल तर हसून घ्या, पण उत्तर द्या.)

खारेदाणे

काकूंना सांगा, शेतकऱ्याचा मित्र आता काकांचाही मित्र झालाय. (गमतीने घ्या.)

मुळाक्षर

अभिनंदन करायचं सोडून काढू का काय विचारताय! लोक किलोने विकत आणतात गांडुळं. राहू द्या कुंडीत. माती भुसभुशीत करतील, खत तयार करतील, मुळांना हवा मिळेल. मुळं खात नाहीत, त्यांना दात नसतात. कुजलेलंच खातात.

वाफाळता_चहा

आमच्याकडे असाच प्रकार झाला होता. नर्सरीवाल्याने दाणेदार औषध दिलं, चमचाभर प्रत्येक कुंडीत. दोन दिवसांत सगळं साफ. नाहीतर मिठाचं पाणी घाला.

केळफूल

वाफाळता_चहा, मिठाच्या पाण्याने गांडुळं मरतील, त्यापाठोपाठ मिरचीही मरेल. आणि ते दाणेदार औषध कुठलं होतं, पाकीट बघितलंत का? पूर्वी असल्या कामाला सर्रास फोरेट द्यायचे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत असलं काही घालायचा विचारसुद्धा नको.

ओसरीवरची, आता तुझ्याकडे वळते. मी ठाण्यात वीसेक वर्षं गच्चीवर बाग करतेय, हा गोंधळ मी दोनदा घातलाय. एकदा तर अगदी तुझ्यासारखाच, फक्त माझ्याकडे खाली काकू नव्हत्या, बँकेचे मॅनेजर होते.

मुळाक्षर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. मुळं खात नाहीत, हे नक्की. पण सगळी गांडुळं एका जातीची नसतात, एका कामाची तर नसतातच. जमिनीत खोल बिळं करून राहणारी वेगळी. तुझ्या खड्ड्यात आहेत ती वरच्या थरात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहणारी. लालसर-जांभळी, चपळ, हातात घेतलं की वळवळून पळणारी, बरोबर? विकत मिळतात तीही याच सवयीची. आयसेनिया फेटिडा हे नाव गांडूळखताच्या पाकिटावर वाचलं असशील. यांना माती नको असते, अन्न हवं असतं. मातीच्या कुंडीत ती "माती भुसभुशीत" वगैरे करत बसत नाहीत. खायचं संपलं की निघतात, नाहीतर मरतात. मेली तर कुजून खतच होतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता तुझ्याकडे झालं काय? गांडूळ कातडीतून श्वास घेतं. कातडी ओली लागते, पण पाण्यात बुडलेलं खत म्हणजे त्याच्यासाठी हवा बंद. नुसतं खत स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं. त्यात पहिला पाऊस, त्यात नवीन जागा. रातोरात बिऱ्हाड हलवलं त्यांनी. तेव्हा दोष गांडुळांचा नाही, तुझ्या भरण्याचा आहे. नुसत्या खतात झाड लावू नये, हा पहिला धडा. गांडुळांचं नंतर बघू.

ओसरीवरची

केळफूलताई, तंतोतंत. लालसर, आणि हातात घेतलं की अंगात आल्यासारखी. मग भरायचं कसं? आणि नुसत्या खताने झाडाचं काय बिघडतं? मला वाटलं, जितकं खत जास्त तितकं बरं.

केळफूल

सगळ्यांना तसंच वाटतं. नुसत्या तुपावर माणूस जगेल का?

बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर मावतं. त्यात तुझं खत चार-पाच लिटर, बस. बाकी पोयटा माती, मूठ-दोन मूठ जाड वाळू नाहीतर विटांचा चुरा. कोकोपीट घालायचं तर थोडंच, पावसाळ्यात ते आणखी पाणी धरतं. बुडाच्या भोकावर खापरी ठेवतेस ना? ती पालथी ठेव, फुगीर बाजू वर. सपाट खापरी भोकावर झाकणासारखी बसते. आणि गांडुळांची विष्ठा फार बारीक असते, चहाच्या पावडरीसारखी. पाण्याबरोबर खाली उतरून भोकाशी चिखल करते. वर झाड हिरवंगार आणि खाली मुळं सडलेली, असं मी मोगऱ्यात पाहिलंय.

नुसत्या खताचा दुसरा त्रास आता दिसायचा नाही. ते कुजतच राहतं, म्हणून बसत जातं. दिवाळीपर्यंत कुंडी दोन-तीन इंच खाली जाईल, वरची मुळं उघडी पडतील. आणि खत पुरतं मुरलेलं नसेल तर मुळांशीच कुजण्याचं काम चालू राहतं. झाडाच्या वाट्याचा नत्र त्यातले जीवाणू खातात आणि पानं पिवळी पडतात.

मुरलंय का बघायचं तर दोन वाट्या घे. एकीत नुसती माती, एकीत अर्धी माती अर्धं खत. दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे पेर. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखीच उगवली, तर खत तयार. खताच्या वाटीत कमी उगवली किंवा पिवळट निघाली, तर अजून महिनाभर खड्ड्यात राहू दे.

मुळाक्षर

केळफूल, मान्य. पण गांडूळ कुंडीत राहतच नाही, हे काही पटत नाही. चार्ल्स डार्विनने घरात मातीने भरलेल्या कुंड्यांत गांडुळं पाळली होती, महिनोन्महिने निरीक्षणं केली. गांडुळांवरचं त्याचं पुस्तक १८८१ साली आलं, त्यात सगळं आहे. मुलाकडून बासून नावाचं फुंकवाद्य वाजवून घेतलं, शिट्टी वाजवली, पियानो वाजवला, गांडुळं ढिम्म. मग कुंड्याच पियानोवर ठेवल्या आणि सूर दाबला, तर झटकन बिळात! ऐकू येत नाही, पण कंप कळतो.

केळफूल

अहो, पण डार्विन त्यांना रोज खायला घालत होता! कोबीची पानं, गाजर, कांदा. आणि ती मातीत बिळं करणारी जात होती. इंग्लंडातली खोली आणि आपली मे महिन्यातली गच्ची यांत काही फरक आहे की नाही? खतातल्या गांडुळांना वीस-पंचवीस अंश आवडतात. पस्तीसच्या पुढे तगमग. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला एप्रिलमध्ये दुपारी हात लावून बघा, चटका बसतो.

तुम्हाला ठेवायचीच असतील तर मोठ्या ड्रममध्ये ठेवा, वर पालापाचोळ्याचं जाड पांघरूण घाला, अधूनमधून केळीची सालं द्या. माझ्या दोन ड्रममध्ये आहेत अशी, केळ आणि शेवगा दोन्ही खूश. सहा इंची कुंडीत मात्र त्यांची कैद आहे.

मुळाक्षर

ड्रमवर तह मंजूर.

चिपाड

मी सांगली जिल्ह्यात ऊस करतो. गांडुळांवरून एवढी झटापट चालली आहे आणि खरा प्रश्न कुणी वाचलाच नाही. ताईंना अळ्या सापडल्यात.

ताई, ती गांडुळाची पिल्लं नव्हेत. गांडुळाचं पिल्लू म्हणजे पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा. त्याच्या आधी अंडकोष (अंड्यांची पिशवी) असतो, मोहरीपेक्षा जरा मोठा, पिवळट-तपकिरी, लिंबाच्या आकाराचा. खतात असे दाणे दिसले तर ते गांडुळांचे. म्हणून चाळणीने गांडुळं काढली तरी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा दिसतात.

तुमची अळी म्हणजे भुंगेऱ्याची. पहिल्यांदा बघणारा माणूस हुमणी समजून घाबरतो. आम्ही घाबरतोच, कारण हुमणी उसाची मुळं खाते आणि उभं शेत वाळतं. पण जूनच्या सुरुवातीला पूर्ण वाढलेली हुमणी सहसा सापडत नाही. पहिला वळीव पडला की संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर पाला खायला बसतात. मग अंडी, मग अळी. मोठी अळी दिसते ती ऑगस्ट-सप्टेंबरात. तुमची अंगठ्याएवढी अळी आत्ता सापडली म्हणजे ती बहुधा दुसरी, खतातच वाढणारी.

एक परीक्षा आहे. अळी वर्तमानपत्रावर ठेवा आणि दोन मिनिटं हात लावू नका. सरळ होऊन पायांवर रांगायला लागली किंवा कुशीवर वळून पडून राहिली, तर हुमणी समजून बंदोबस्त करा. पाठीवर उताणी होऊन, पाय वर करून सरपटली, तर ती फुलांवर बसणाऱ्या भुंगेऱ्याची. ती कुजलेलं खाते, खड्ड्यात असली तर तुमचंच काम करते.

नीरफणस

चिपाडदादांच्या यादीत एक भर घाला. आमच्याकडे रत्नागिरीत शेणाच्या खड्ड्यात याहून दांडगी अळी निघते, बोटभर लांब. ती गेंड्या भुंग्याची. अळी शेणात गुपचूप असते, उपद्रव भुंग्याचा. माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो. मग झावळ उघडते ती कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी. एकदा बघितलं की विसरत नाही. ज्यांच्या आसपास माड आहेत त्यांनी खड्डा उपसताना या अळ्या वेचाव्यातच. आमची आजी वेचून कोंबड्यांना टाकायची, कोंबड्या तिच्या मागे मागे फिरायच्या. आता मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती शेणाच्या खड्ड्यात मिसळतात. हिरवट पूड असते.

चिपाड

हो, हुमणीलाही तीच वापरतो. पण चौदा कुंड्यांसाठी पाकीट आणायची गरज नाही. हाताने वेचा.

ओसरीवरची

परीक्षा केली! स्वयंपाकघराच्या ओट्यावर कालची पुरवणी पसरली, त्यावर अळी. आधी अर्धा मिनिट नुसतीच वळून पडली. मग सावकाश उताणी झाली, सहाही पाय वर, आणि अंगाच्या घड्या लाटेसारख्या पुढे ढकलत निघाली पाठीवर! सरळ रेषेत, पंचांगाच्या चौकटीवरून राशिभविष्यापर्यंत. लेक ओरडली, "आई, ही उलटी चालते!" दुसरी ठेवली, तीही तशीच. दोन्ही खड्ड्यात नेऊन सोडल्या. कढीपत्ता वाचला ना?

चिपाड

वाचला. कुंडीत मात्र तिला ठेवायची नाही, हे बरं केलंत. कुजकं संपलं की कोवळ्या मुळाला तोंड लावायला ती मागेपुढे बघत नाही.

जर्सीकर

वाचतोय कधीपासून. जाता जाता, अमेरिकेतल्या लोकांसाठी एक सूचना, कारण हा धागा वाचून कुणी उत्साहाने शेजाऱ्याचं कंपोस्ट आणेल.

आमच्याकडे, म्हणजे न्यू जर्सी आणि वरच्या राज्यांत, गांडूळ हा सरसकट मित्र नाही. उत्तरेकडचा जो भाग हिमयुगात बर्फाखाली होता, तिथे मूळची गांडुळं नव्हतीच. आता दिसतात ती बाहेरून आलेली. त्यातली आशियातून आलेली 'उड्या मारणारी' जात सध्या डोकेदुखी झालीय. हात लावला की सापासारखी उसळते, कधी शेपूट टाकून पळते. गळ्याशी पांढरट, गुळगुळीत पट्टा असतो, अंगाबरोबर सपाट. ज्या मातीत शिरते ती माती कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ होते, पाणी धरत नाही, जंगलातला पालापाचोळा महिन्यांत संपवते. थंडीत मोठी मरतात, अंडकोष तग धरतात. ते दिसतही नाहीत, मातीच्याच रंगाचे.

म्हणून आमच्या बागकाम मंडळात रोपांची देवाणघेवाण करताना मुळं धुऊन देतात, कुंडीतल्या मातीसकट देत नाहीत. मी दुसऱ्याचं खत आणलंच तर पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात तापवतो. ४० अंशांच्या वर तीन दिवस राहिलं की अंडकोष मरतात. तुमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे, हा नियम तिकडे लावू नका.

खारेदाणे

म्हणजे एकीकडे किलोने विकत घेतात आणि एकीकडे उन्हात तापवतात. गांडुळाचंही नशीब व्हिसावर अवलंबून.

पन्हाळी_पाऊस

मुंबईकरांनी एक बघावं. खतात साबुदाण्यासारखे पांढरे गोल दाणे पुंजक्याने दिसले, तर ते गांडुळाचे नव्हेत, मोठ्या आफ्रिकन गोगलगायीची अंडी आहेत. मी "वा, गांडुळांची अंडी" म्हणत कुंडीत घातली होती. पावसाळाभर रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचल्या. पालक तर उरलाच नाही. असे दाणे दिसले की चिरडून टाका.

ओसरीवरची

हे वाचून खड्ड्याकडे पळाले. साबुदाणा नाही, हुश्श. पिवळट दाणे मात्र भरपूर आहेत.

आता शेवटचं सांगा. कुंडीत आधीच गेलेली गांडुळं काढायची कशी? चौदा झाडं परत उपटायला जीव होत नाही, आत्ता कुठे रुजतायत.

केळफूल

जी रुजली ती उपटू नकोस. बादलीत पाणी घे, कुंडी काठापर्यंत बुडेल अशी ठेव, अर्धा तास. गांडुळं वर येतात, वेच आणि खड्ड्यात टाक. मग कुंडी तिरकी करून पूर्ण निथळू दे. मोहरीची पूड पाण्यात कालवून ओतली तरी भराभर वर येतात, गांडुळं मोजणारे संशोधकही हे करतात. पण कुंडीतल्या झाडाला मी ते करणार नाही. मोहरीचं तिखट पाणी मुळांशी कशाला?

पुढच्या वेळी खड्ड्यातून काढतानाच सोय कर. सकाळच्या उन्हात गोणपाटावर खताचा शंकूसारखा ढीग घाल. गांडुळांना उजेड सोसत नाही, खाली खाली जातात. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा थर काढून घे, पुन्हा थांब, पुन्हा काढ. शेवटी तळाशी मूठभर खत आणि गांडुळांचा गोळा राहतो. तो परत खड्ड्यात. वरचं खत वाळूच्या चाळणीने चाळ. कडकडीत उन्हात दिवसभर पसरू नकोस, खतातले चांगले जीवही मरतात. दोन-चार गांडुळं कुंडीत गेलीच, तर जाऊ देत. त्यांचा बंदोबस्त त्यांचं पोटच करेल.

आणि पाइपाच्या तोंडाला जाळी लाव. आजच.

ओसरीवरची

_(चोवीस दिवसांनी)_

धागा वर काढतेय, कारण हिशोब द्यायचा राहिला होता.

अकरा कुंड्यांना बादलीत बुडी दिली. पहिल्या दिवशी एकट्या मोगऱ्यातून एकतीस निघाली, लेकीने मोजली. मिरची आणि कढीपत्ता अजून रुजले नव्हते, म्हणून ते मात्र काढून माती, खत, विटांचा चुरा असे नव्याने भरले, खापरी पालथी. रुजलेल्यांना हात लावला नाही, कडेने थोडं खत उकरून तिथे पोयटा घातला. मेथीची परीक्षाही केली. मातीत वीसपैकी अठरा उगवल्या, खतात अकरा, त्याही जरा फिक्या. म्हणजे माझं "काळंभोर तयार खत" पुरतं मुरलेलंच नव्हतं! खड्डा पुन्हा झाकून ठेवलाय.

एक कुंडी मुद्दाम तशीच ठेवली होती, पानाच्या ओव्याची. नुसतं खत, बुडी नाही, काही नाही. काल रिकामी केली. मध्यभागी एकही गांडूळ नव्हतं. कुंडीच्या कडेला, मातीच्या भिंतीला चिकटून, तीन. बारीक, मलूल, खड्ड्यातल्यांच्या निम्मीही नाहीत. तळाशी दोन बोटं जाडीचा काळा चिखल, सपाट खापरी त्याखाली घट्ट बसलेली, वास नाल्यासारखा. ओव्याची खालची मुळं तपकिरी झालेली. वर पानं मात्र इतकी टवटवीत की तुम्ही फसला असतात.

जाळी लावलीय. काकू बोलतात, पण अजून वर बघून मग कपडे वाळत घालतात.

आणि तुळशीच्या कुंडीत खतातून टोमॅटोची सात रोपं आलीत. तुळशीपेक्षा उंच झालीत. त्यांना काठी लावू का?

केळफूल

सहा उपट, एक ठेव. आणि तुळस आधी दुसरीकडे हलव, ती दबतेय.